धुरपामायचं बियाणं

फार वर्षांपूर्वी, आपले पणजोबासुद्धा जन्मायचे होते तेव्हा, या आपल्या खडकनिंबात धुरपदा नावाची बाई राहायची. बैलाच्या पाठीवर गोण्या लादून गावोगाव माल पोचवायचा, हा तिच्या नवऱ्याचा धंदा. नवरा गेला, बैल तेवढा मागं राहिला, आणि धंदा हिच्या गळ्यात पडला. ती बारमाही दमलेली असायची, असं म्हणतात. कुणी हाक मारली की आधी "आता काय?" म्हणायची आणि मग उठायची. पण उठायची हं!

एका वर्षी उगवतीकडच्या मोठ्या नदीला पूर आला. मासे बाभळीच्या शेंड्यांत अडकून वाळले, असं म्हणतात. काठच्या एका गावातली घरं गेली, गुरं गेली, पेरायला ठेवलेला जोंधळाही गेला. पाणी ओसरलं तेव्हा शेतात गाळ साचलेला आणि त्यात टाकायला दाणा नाही. पेरणी चुकली असती तर ते गाव कायमचं उठलं असतं. बातमी इकडं आली आणि आपलं गाव हळहळलं. हळहळायला काय, आपण तयारच!

आता आपली एक रीत होती. बियाणं उसनं द्यायचं, दान द्यायचं नाही. दिलं तर घरची लक्ष्मी त्याच्या मागोमाग उंबरा ओलांडते म्हणे. आणि बुडालेल्या गावाकडून उसनं परत कसलं येणार? म्हणून राखेत घालून जपलेलं बियाणं मडक्यातच राहिलं, आणि गोणीत आलं ते कणगीच्या तळाचं, किडलेलं. वरून दाणा बरा, आत भुगा. धुरपदाला ते दिसलं. पण भाकरीपुरतं तरी होईल, वाद कोण घालत बसणार, असं म्हणून तिनं गोणी लादली आणि बैल हाकला.

वाट लांबची होती. पोचली ती तापानं फणफणतच. सटवाजी नावाच्या म्हाताऱ्यानं तिला आपल्या खोपटात निजवलं. ताप उतरून ती बाहेर आली, तर पोरं उकडलेला पाला खात होती.

"अरे, मी जोंधळा आणला होता ना?"

"पेरला की, माय," सटवाजी म्हणाला. "खाऊन एकडाव पोट भरलं असतं. पोरांस्नी म्हणलं, कळ काढा."

धुरपदा शेताकडं गेली. सगळं गाव बांधावर बसून गाळाकडं बघत होतं. काही उगवलं नाही. तरी तिला कुणी बोल लावला नाही. "जमीनच रुसली आसंल," सटवाजी म्हणाला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

ती माघारी निघाली. वाटेत बैल बसला तो उठलाच नाही. ती एकटीच गावात आली आणि पाटलांच्या अंगणात टेकली. पाटलीण आनपूर्णाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "दमलीस गं. पाणी पी."

"दमले. पण पाणी नको. त्यांनी लेकरांच्या तोंडचा घास मातीत घातला, बाई. अन् आपण भुगा धाडला. मला दिसत होतं, तरी मी नेला. आता बियाणं द्या."

"अगं, घरातली लक्ष्मी जाईल!"

"जाऊ द्या की. माझ्यासंगंच येऊ द्या. चालणं काय असतं, तिलाबी कळू द्या जरा."

आनपूर्णाबाईला हसू आलं आणि रडूही आलं. ती आत गेली आणि तिनं बियाण्याचं मडकं बाहेर आणलं. ते बघून गल्लीतल्या बायाही एकेक करून आपापली मडकी घेऊन आल्या.

बैल नव्हता, म्हणून धुरपदानं गोणी स्वतःच्या पाठीवर घेतली. गोणीचा एक कोपरा फाटका होता. दाणे सांडत गेले आणि कातळावरसुद्धा जोंधळा उगवत गेला, पण गोणी काही हलकी झाली नाही, असं म्हणतात. ती पोचेपर्यंत त्या गाळातली ओलही हटली नाही. पेरणी झाली. ती बांधाला टेकून बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत राहिली, "उगवलं का?" एका सकाळी सटवाजी ओरडत आला, "उगवलं, माय, उगवलं!" "मग आता जरा बसते," ती म्हणाली. ती तिथंच गेली, असं कुणी म्हणतात. कुणी म्हणतात, पुढं कुठंतरी दरड कोसळली होती, तिकडं निघाली.

तेव्हापासून आपल्याकडं धुरपामायची रीत आहे. कुठंही पूर येवो, भूकंप होवो, गावातून धाडायच्या बियाण्यातलं मूठभर आधी ओल्या फडक्यात बांधून ठेवतात आणि त्याला मोड आले तरच बाकीचं धाडतात. कपडा असेल तर देणारा तो दिवसभर अंगावर घालून गावात फिरतो. पांघरूण असेल तर ते घेऊन एक रात्र पारावर निजतो. मागच्या भूकंपाला आपले सरपंच थाटात एक जुनं ब्लँकेट घेऊन पारावर निजले. पहाटे काकडत उठले, मुकाट्यानं घरी गेले आणि स्वतःच्या अंथरुणातली जाड दुलई आणून मदतीच्या टेम्पोत ठेवली. कुणीतरी चहा आणून दिला.