खिडकीतला रुमाल

फार वर्षांपूर्वी पेट्रोल महागलं, तेव्हा मोटरसायकली गोठ्यात पडून राहिल्या आणि एसटी गच्च भरू लागली. सोपान गवंडी रोज खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचा.

मग पेट्रोल स्वस्त झालं. सोपानची मोटरसायकल रिकाम्या एसटीला म्हणाली, "म्हातारे, तुझी सगळी माणसं मी पळवली!"

"ने बाई. पण घाटात सोपानला जप."

त्याच संध्याकाळी मोडकी मोटरसायकल टेम्पोतून परतली. सोपान घाटातच गेला.

पेट्रोल पुन्हा महागलं, एसटी पुन्हा भरली. खिडकीच्या जागेवर सोपानचा रुमाल होता. लोकांनी तो बाहेर फेकला, तरी पुढच्या थांब्यावर तो तिथेच.

"त्यानं जागा धरलीय," एसटी म्हणाली.

घाटातल्या वळणावर ती आपोआप थांबली. दार उघडलं. कुणीच चढलं नाही, पण रुमालाखालची गादी हळूच दबली.