मुंग्यांच्या निरोपाची कहाणी

ऐका मुंगीमाते, तुमची कहाणी. हात जोडा बायांनो, आणि मागची ती कुजबुज थांबवा आधी.

आटपाट नगरात एक पेढेवाल्याचं घर होतं. घरात साखर पोत्यांनी यायची, तूप डब्यांनी यायचं, पण सुख म्हणून टिकायचं नाही. म्हाताऱ्या पेढेवाल्याचे डोळे गेले. मग त्याच्या थोरल्या मुलाच्या पायावर भट्टीतला निखारा पडला, तर त्याला ते कळलंसुद्धा नाही! जखम चिघळली, पाय कापावा लागला. गाव म्हणालं, या घराला शाप आहे. धाकटी सून ठकू, तिलाही ते खरं वाटलं. तिचा नवरा रंगोबा आता चाळिशीला आला होता. ठकू रोज देवीपुढं पदर पसरायची, म्हणायची, "आई, यांचे पाय तेवढे राख."

मग एके सकाळी काय झालं? रंगोबा मोरीत लघवीला जाऊन आला, आणि पाठोपाठ तिथं मुंग्यांची रांग लागली. ठकूनं राख टाकली, मुंग्या आल्या. हळद टाकली, मुंग्या आल्या. मग तिनं चुलीवरचं आधणाचं पातेलं उचललं. तशी रांग जागच्या जागी थांबली. हजारो मुंग्या, पण एक हलेल तर शपथ! मग सगळ्यांत पुढची मुंगी बोलली.

"ठकूबाई, पातेलं खाली ठेव. आम्ही निरोप घेऊन आलोय. सासऱ्यांच्या वेळी आलो, तुझ्या सासूनं झाडून टाकलं. दिराच्या वेळी आलो, जावेनं धुऊन टाकलं. आता तू उकळतं पाणी घेऊन उभी. अगं, शाप कसला? खाल्लेली साखर अंगी लागत नाही, रक्तात साठते, मग लघवीवाटे बाहेर पडते. तीच आतून डोळे खाते, तीच पायांची जाण खाते."

ठकूनं पातेलं खाली ठेवलं. तिनं मुंगीला नमस्कार केला. "एवढीशी तू माउली, आणि माझ्या माणसाच्या रक्तातलं तुला कळलं! आमच्याच घरात राहून आम्हांला कळलं नाही ग. आता वसा सांग."

"वसा आजच घ्यावा, सगळ्या घरानं घ्यावा. निम्मं ताट भाजीचं, उरलेल्यात भाकरी आणि उसळ. गोड घासापुरतं. जेवल्यावर तळ्यापर्यंत चालत जावं, चालत यावं, वहाण घातल्याशिवाय जाऊ नये. दवाखान्यात रक्त दाखवावं, दिलेली गोळी चुकवू नये. ज्याला काही होत नाही, त्यानंसुद्धा वर्षातून एकदा रक्त दाखवावं. आमची वाट बघत बसू नये, आम्ही येतो तेव्हा उशीर झालेला असतो. चोरून खाऊ नको, कंटाळू नको, बरं वाटलं म्हणून वसा टाकू नको."

मग रंगोबानं वसा घेतला. तोंड वाकडं करून घेतला, पण घेतला! पाक चाखून बघायचा, ते सोडलं, बोटांवर तार बघू लागला. हसताय काय? तुमच्याकडे कोण चाखतं, ठाऊक आहे.

मग देवीचा उत्सव आला. पुजाऱ्यानं रंगोबाला द्रोण भरून शिरा दिला. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? पहिल्या दिवशी खाल्ला, दुसऱ्या दिवशी खाल्ला, तिसऱ्या दिवशी खाल्ला. चौथ्या दिवशी अख्खी घागर रिकामी केली तरी तहान भागेना. तशी ठकू देवळात गेली. भरल्या सभामंडपात तिनं नवऱ्याच्या हातातला द्रोण काढून घेतला, एक कण त्याच्या तळहातावर ठेवला आणि बाकीचा वाटून टाकला. बायका म्हणाल्या, "अगंबाई! नवऱ्याच्या तोंडचा प्रसाद काढला हिनं!" पुजारी लालबुंद झाला. ठकूनं हात जोडले. ती देवीला म्हणाली, "आई, चुकलं असेल तर मला शिक्षा कर, यांना नको."

मग देवीच्या उजव्या खांद्यावरचं फूल खाली पडलं. देवीनं उजवा कौल दिला! पुजाऱ्यानं ते फूल उचललं आणि मुकाट्यानं ठकूच्या ओंजळीत घातलं. त्या दिवसापासून रंगोबाही प्रसादाचा कणच मागायचा.

असं वर्ष गेलं. एके संध्याकाळी दोघं तळ्याच्या वाटेनं निघाली होती. बाभळीचा काटा रंगोबाच्या वहाणेतून आरपार गेला. "आई आई गं! मेलो!" रंगोबा ओरडला, मटकन बसला. ठकू बघतच राहिली.

"दुखतंय? खरंच दुखतंय तुम्हांला?"

"दुखतंय म्हणजे? जीव चाललाय माझा! बघतेस काय अशी?"

ठकूला रडू फुटलं आणि हसूही फुटलं. भर वाटेवर तिनं नवऱ्याचा पाय मांडीवर घेतला, त्याला कपाळ लावलं. "दुखलं हो! ह्यांना दुखलं!" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली. लोकांना वाटलं, बाईला वेड लागलं. तिनं काटा काढला, जखम धुतली, दवाखान्यात दाखवली. नवव्या दिवशी जखम भरून आली.

जशी ठकूच्या माणसाच्या पायांत जाण राहिली, तशी तुमच्या-आमच्या माणसांच्या पायांत राहो. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, फळाला आली, पुरी झाली.