कावळ्यांच्या गादीचा खरा वारस

चिंचेवर कावळ्यांचं राज्य होतं, त्या काळची ही गोष्ट. राजा म्हातारपणाने मेला आणि त्याचे दोन मुलगे गादीसाठी एकमेकांच्या जिवावर उठले. थोरला मेघकांत जो भेटेल त्याला सांगत सुटला, "धाकटा आमच्या रक्ताचा नाहीच. कोकिळेने घरट्यात टाकलेलं अंडं ते!"

धाकटा कृष्णराज म्हणाला, "मी? पाण्यात स्वतःचे कोकिळेसारखे लाल डोळे बघ एकदा!"

एवढ्यावरून लढाई जुंपली. रानभर पिसांचा खच पडला. मेले मात्र साधे कावळे, ज्यांना गादीशी काही देणंघेणं नव्हतं.

शेवटी प्रधान डोमकावळ्याने तोड काढली. राजाच्या दहाव्याला दोघांनी भर सभेत ओरडून दाखवायचं. खरा कावळा आवाजावरून कळेलच.

दहाव्याला सगळी जमात चिंचेवर जमली. थोरल्याने छाती फुगवून चोच उघडली. "कुहू!"

धाकटा तुच्छतेने हसला आणि पुढे झाला. "कुहू!"

एवढे जीव कोणासाठी गेले, हे विचारायला कोणी धजेना. प्रधानाने घसा साफ केला. "वा! याला म्हणतात अस्सल राजघराण्याचा आवाज! थोरल्या युवराजांचा तर किंचित जास्तच." सभेने माना डोलावल्या आणि जो तो हळूच 'कुहू' घोकू लागला.

कोपऱ्यातल्या फांदीवर म्हातारी राणी बसली होती. दोघांनाही तिनेच उबवलं होतं. तिला राहवलं नाही. ती कळवळून ओरडली, "काव!"

शिपाई धावले. "धरा तिला! सभेत कोकिळा घुसली आहे!"