उतार आतला

फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या उंच दरडीत एक खंड्या पक्षी आणि त्याची बायको दरवर्षी चोचीने बीळ खणून अंडी घालत. एका वर्षी खंड्या म्हणाला, "दरवेळी चोच कशाला झिजवायची? चार मासे दिले की उंदीर खणून देईल."

"घर आपलं आहे, आपणच खणू," बायको म्हणाली. त्याने ऐकलं नाही.

उंदराने दोन दिवसांत ऐसपैस बीळ खणलं. खंड्या एकदाही बघायला फिरकला नाही. बायको आत शिरली आणि थबकली.

"अहो, याचा उतार आत आहे. पाणी शिरेल."

"आता राहू दे. अंड्यांची वेळ झाली."

आठवड्याने वळवाचा पाऊस कोसळला. दरडीवरून ओघळलेल्या पाण्याने बीळ भरलं. बायकोने घातलेली चारही अंडी गेली.

खंड्या उंदरावर धावून गेला. उंदीर मान खाली घालून म्हणाला, "मी माझ्या घरासारखंच खणलं, दादा. पाणी आलं की आम्ही पळतो. अंड्यांना पळता येत नाही, हे तुम्ही सांगायला हवं होतं."

खंड्या परतला. बायको पलीकडच्या दरडीत एकटीच माती उकरत होती. तिने वर पाहिलं नाही. तोही तिच्या शेजारी चोचीने उकरू लागला.