भाकरतुकडा आणि सरकारी रेडिओ

"महाराज, या बाईनं सरकारी रेडिओवर दुरडी पालथी घातली!" दिवाण गरजले.

जांभूळगडच्या दरबारात सगुणा कासारीण खाली मान घालून उभी होती. लढाई पेटली तसे महाराजांनी कोंबडीच्या भावात घरोघर रेडिओ वाटले होते. त्यांवर केंद्र एकच लागे, राजवाड्याचं. रोज दिवेलागणीला विजयाची बातमी! तिच्यावर शंका घेईल तो तुरुंगात जाईल, असा हुकूमच होता. सगुणाचा नवरा येसू त्याच लढाईवर गेलेला. त्याचं पत्र नाही, सांगावा नाही, आणि हे डबडं मात्र रोज जिंकतंय! बाईचं डोकं फिरलं होतं.

"धूळ बसू नये म्हणून झाकला जी," ती म्हणाली. "इश्वास माझा पक्का हाय!"

"अस्सं?" महाराज म्हणाले. "मग उद्या संध्याकाळी तो विश्वास आम्हाला डोळ्यांना दिसेल असा दाखव. नाहीतर तुरुंग!"

मनातला विश्वास डोळ्यांना कसा दिसायचा? दरबारी गालातल्या गालात हसले. सगुणानं मुजरा केला आणि बांगड्या घेऊन ती दारोदार निघाली. कासारणीला कुठलं घर बंद असतं?

त्या संध्याकाळी रेडिओ कडाडला, "शत्रूचा निःपात! औषधालाही शत्रू उरला नाही!"

दुसऱ्या दिवशी राजवाड्यापुढे ही गर्दी! पलटणीतल्या झाडून साऱ्या शिपायांच्या बायका, आणि सगळ्यांच्या पुढे सगुणा. प्रत्येकीच्या एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा.

"हे काय गं?" महाराजांनी सज्ज्यातून विचारलं.

"इश्वास, म्हाराज! रेडिओ म्हनला, शत्रू संपला. म्हंजी आमची मानसं आलीच की! लढाईवरनं आलेल्याला भाकरतुकडा ओवाळल्याबिगर उंबरा कसा वलांडू द्यायचा? कुठं हायेत ती?"

महाराजांशेजारी उभ्या दिवाणांचा तोल सुटला. "अगं खुळे, लढाई अजून चालूच आहे!"

"धरा, धरा!" सगुणा ओरडली. "म्हाराज, दिवाणसायबांनी रेडिओवर शंका घेतली!"

दिवाणांचा चेहरा पांढराफटक पडला. महाराज आधी लाल झाले, मग त्यांचं पोट हलू लागलं, आणि शेवटी ते सज्ज्याचा कठडा धरून खो खो हसत सुटले.

"दिवाण, तुम्हाला कोंडू की पलटण परत बोलावू?"

"पलटण, महाराज! पलटण!"

महाराजांनी सगुणाला साडीचोळी दिली. दिवेलागणीला पलटण परतत असल्याची बातमी रेडिओवर खुद्द दिवाणांना वाचायला लावली, आणि जांभूळगडात ती पहिल्यांदाच सगळ्यांना खरी वाटली.