केतकीचा आवाज

"तुम्हीच सांगा बुवा, आवाज गेला तरी कुठे?"

प्रभाकरपंतांनी कॉम्प्युटरच्या डोक्यावर एक चापट हाणली. कॉम्प्युटर गप्पच राहिला.

पंतांचे गुरू केवलगिरी बुवा गुरुवारची भिक्षा मागायला आले होते. उंबऱ्याशी उभं राहून त्यांनी हाकही दिली होती. पण आतल्या आरडाओरड्यात ती कुणाच्या कानावर गेलीच नाही, म्हणून ते आपले आपणच आत आले आणि झोळी मांडीवर घेऊन स्टुलावर बसले.

"झालं काय?"

"बारा वाजता केतकीचा कॉल यायचाय, आणि नेमकं आज हे डबडं मुकं झालंय!"

केतकी ही पंतांची एकुलती एक मुलगी. तिने आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हा पंतांनी तिला घराबाहेर काढलं होतं. पुढे तिचे जेवढे फोन आले, तेवढे अर्ध्यावर आपटले. वर्ष उलटलं आणि काल आईकडे तिचा निरोप आला. एकदाच बोलेन, समोर तोंड बघून बोलेन. बाबांनी याही वेळी ऐकून घेतलं नाही, तर पुन्हा माझं नाव काढू नका.

आज ऐकून घ्यायची पंतांची तयारी होती. निदान सकाळपासून ते तसं ओरडून सांगत होते.

"आवाज पूर्ण वाढवून ठेवलाय. स्पीकरच्या वायरी काढून परत लावल्या. बंद करून चालू केला. आणखी काय याची पूजा घालू?"

वत्सलाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "अहो, काल रात्री तुम्ही…"

"काल चालत होतं, मला माहीत आहे! तू मध्ये तोंड घालू नकोस!"

वत्सलाबाई गप्प झाल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना त्याची सवय झाली होती.

"तिला बोलू तरी दे," बुवा म्हणाले.

"तिला काय कळतंय यातलं?"



आणि हेच पंत दर रविवारी बुवांच्या मठात मौनावर निरूपण करत. तेही माइक लावून! एरवी हसू आलं असतं, पण त्या घरात त्या वेळी हसायची कुणाची टाप नव्हती.

बारा वाजले. पडद्यावर केतकी आली. वाळली होती. तिचे ओठ हलले. स्पीकरमधून चकार शब्द नाही.

"येत नाहीये! आवाज येत नाहीये!"

पंतांच्या ओरडण्याने केतकी दचकून मागे सरली. यांचा आवाज तिकडे व्यवस्थित पोचत होता.

"आता बघत काय बसलीस? ऐकू येत नाही म्हणून सांगतोय ना! अक्कल आहे की नाही?"

तिचा चेहरा कठोर झाला. कॉल बंद करायला तिने हात पुढे केला.

बुवा उठले. त्यांनी आधी पंखा बंद केला. मग सरळ येऊन पंतांच्या तोंडावर तळहात दाबला.

पंतांची कानशिलं तापली. वडील गेल्यापासून त्यांचं तोंड कुणी असं बंद केलं नव्हतं. संताप घशापर्यंत आला आणि तिथेच अडकला, कारण वर गुरूचा हात होता.

घर शांत झालं…

"…एक शब्द तरी ऐकलात का, बाबा?"

आवाज टेबलाखालून आला. बारीक, पण स्पष्ट.

पंत वाकले. बायकोची बडबड कानावर पडू नये म्हणून काल रात्री प्रवचन ऐकताना त्यांनी इअरफोन लावले होते. ते कॉम्प्युटरच्या दुसऱ्या खाचेत तसेच जोडलेले राहिले होते आणि घरंगळून भिंतीपाशी पडले होते. सगळा आवाज तिथेच जात होता.

पंतांनी वत्सलाबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

वायर टेबलाच्या पायाखाली अडकली होती. पंतांनी गुडघे टेकले आणि कान जमिनीजवळ नेला.

"बाबा? कुठे गेलात? गेलात ना उठून?"

"नाही गं… इथेच आहे. खाली."

 मग केतकी सावकाश म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही मला हात धरून बाहेर काढलंत. पायात चप्पलही घालू दिली नाहीत."

"खोटं आहे हे!" पंत पुन्हा पेटले. त्यांनी वायर मुठीत धरली. "थांब, हे उपटतो, तुला स्पीकरवर घेतो आणि समोर उभा राहून सांगतो काय झालं होतं ते!"

बुवांची काठी त्यांच्या मनगटावर टेकली.

"राहू दे. उभ्याने तुला ऐकू येत नाही."