नकाशातली बाग

“बाग पाच मिनिटांवर आहे. तरी ही माणसं फिरायला जात नाहीत. मग दोष कोणाचा, बुवा?”

अच्युतबुवा समोरच्या म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी सोडत होते. साखरेच्या आजारानं जखम चिघळली होती आणि वास येत होता.

डॉ. केदार उपासनीला नाकाला रुमाल लावावासा वाटला, पण त्यानं लावला नाही. आपल्या गुरूसमोर तेवढी लाज त्याला होती.

बुवा पूर्वाश्रमीचे डॉक्टर. मेडिकल कॉलेजात त्यांनीच केदारला शिकवलं होतं. मग एके दिवशी नोकरी सोडली, कफनी घातली आणि शहराच्या कडेला असलेल्या या मठात येऊन बसले. रोज देवापुढे दिवा लावायचे आणि रविवारी खदानवस्तीतल्या लोकांना औषध द्यायचे. दोन्ही कामं त्यांना सारखीच वाटत असावीत.

केदार मात्र मोठा झाला होता. शहरातल्या बागा आणि लोकांचं आरोग्य यावर त्यानं जाडजूड अहवाल लिहिला होता. उद्या तो महापालिकेत मांडायचा होता. प्रस्तावनेला बुवांचे चार शब्द मिळाले असते तर बरं दिसलं असतं, म्हणून तो सकाळीच गाडी घेऊन आला होता.

“दोष कोणाचा, ते तू लिहिलं असशीलच,” बुवा म्हणाले.

“लिहिलंय. खदानवस्तीला लागून मोठी बाग आहे. आणि साखर, ब्लडप्रेशर सगळ्या शहरात तिथंच जास्त. अर्थ उघड आहे. अशा वस्तीत बाग देऊन उपयोग नाही. लोकांना सवय नाही, इच्छाही नाही.”

“अशा वस्तीत...”

“हे मी नाही म्हणत, बुवा. आकडे म्हणतात.”

“आकड्यांना वाचा फुटली म्हणायची. आणि यावर महापालिका काय करणार?”

“बागेचं आरक्षण उठवणार. त्या जागेवर दुकानांचं मोठं संकुल होईल. माझ्या अहवालाचीच वाट बघतायत ते.”

“म्हणजे तू लिहिलंस की जागा गेली.”

“जाऊ दे की. नाहीतरी वापरतंय कोण?”

बुवांचा हात थांबला. राग आला की त्यांचा आवाज खाली उतरायचा. कॉलेजातल्या पोरांना हे पाठ होतं. मोठा झाल्यावर केदार ते विसरला होता.

“तू ती बाग पाहिलीस?” बुवांनी हळू आवाजात विचारलं.

“नकाशात आहे.”

“पाहिलीस का, असं विचारलं.”

केदारला ते झोंबलं. एवढ्या मोठ्या अभ्यासाबद्दल इतका बाळबोध प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता.

“एकेक बाग बघत हिंडलो तर अभ्यास व्हायचा केव्हा? शहराच्या विकास आराखड्याचा सरकारी नकाशा घेतला. त्यात जे जे हिरवं, ती बाग. घरापासून तिचं अंतर मोजलं. काम चोख आहे.”

“जे जे हिरवं, ती बाग...”

“हो.”

बुवांनी म्हाताऱ्याला नवी पट्टी बांधली. हात धुतले, पुसले.

“चल,” ते म्हणाले. “जेवायची वेळ झाली.”

मठाची एक रीत होती. रविवारी औषधाला आलेला माणूस जेवल्याशिवाय परत जायचा नाही. ओसरीवर पंगत बसायची आणि त्यात पाहुणा, रोगी, पुजारी सगळे एका ओळीत. तिथं कोणाला पाट नाही की चौरंग नाही.

केळीची पानं मांडली गेली. बुवांनी केदारला हाताला धरून बसवलं. त्याच्यापुढे स्वतः पान मांडलं, अख्ख्या पंगतीत सगळ्यात मोठं. पाण्याचा हात फिरवून ते पुसलंही. केदार सुखावला. थोडा मान मिळाला की मागचं बोलणं विसरायची त्याला सवय होती.

त्याच्या शेजारी सुंदराबाई बसल्या होत्या. त्या खदानवस्तीतल्याच. गुडघे आणि साखर, दोन्ही दुखणी घेऊन आलेल्या. मांडी घालता येत नव्हती म्हणून पाय लांब करून बसल्या होत्या.

बुवांशी दोन शब्द बोलून स्वयंपाकी सोपानराव वाढायला निघाले. सुंदराबाईंना भाकरी वाढली आणि केदारला ओलांडून ते पुढे गेले. वरण आलं, तेही पुढे गेलं. वांग्याची भाजी आली, ठेचा आला. केदारच्या पानावर पाण्याच्या थेंबांशिवाय काही पडलं नाही.

माणूस म्हातारा आहे, विसरला असेल, असं केदारनं स्वतःला समजावलं.

श्लोक झाला. सगळे जेवू लागले. केदारच्या पोटात सकाळपासून एक कप चहा होता आणि ठेच्याचा वास थेट नाकात शिरत होता.

“बुवा, माझं राहिलं.”

“काय राहिलं?”

“वाढायचं.”

“पान आहे की पुढ्यात.”

“पान आहे, पण...”

“चांगलं हिरवंगार आहे. हात लांब केला की पोहोचतोस. शिवाय खास तुझ्यासाठी राखून ठेवलेलं. आणखी काय पाहिजे?”

केदार हसला. कोणी हसलं नाही म्हणून थांबला.

सुंदराबाईंना राहवेना. त्यांनी आपल्या पानावरची न मोडलेली भाकरी उचलली आणि अर्धी करून त्याच्याकडे धरली.

“घ्या दादा. मला येवढी जात न्हाई. मानूस उपाशी बसल्यावर आपल्या घशाखाली घास कसा उतरावा?”

“राहू द्या, बाई,” बुवा म्हणाले. “त्यांचं जेवण झालंय. पान मांडलेलं सगळ्यांनी पाहिलंय.”

बाईंचा हात तसाच राहिला. मग त्यांनी भाकरी परत आपल्या पानावर ठेवली.

आपल्याकडे माणूस एक वेळ शिवी विसरेल, पण पंगतीतला अपमान मरेपर्यंत जपून ठेवील. केदार तर उपासनींच्या घरातला, सभांमधून हारतुरे घेणारा. त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो अर्धवट उठला.

“हा पंक्तिप्रपंच आहे, सर,” तो म्हणाला. रागात ‘बुवा’ म्हणायचं राहून गेलं आणि जुनं ‘सर’ तोंडी आलं. “शेजारच्यांना वाढायचं आणि मला नुसतं पान दाखवायचं? पान मांडलं म्हणजे जेवण झालं का?”



...

“सुंदराबाई,” बुवा तितक्याच हळू आवाजात म्हणाले, “तुमच्या वस्तीला लागून बाग आहे. तुम्ही तिथं फिरायला का जात नाही, असं हे विचारतात.”

“बाग?” बाई गोंधळल्या. “कंची बाग?... खाणीकडंची जागा म्हन्ता व्हय? तिथं बोर्ड लावला व्हता, बाग व्हनार म्हनून. माझं लगीन नवं व्हतं तवा. आता सगळ्या शेहराचा कचरा तिथंच येऊन पडतोय. पेटवत्यात बी. धूर झाला की आमी दारं लावून घेतो. तिथं कोन जाईल फिराया?”

हे त्या रागानं बोलल्या नाहीत. राग धरायला सवड लागते, ती त्यांना कधी मिळाली नसावी. ती सवड तुम्हाआम्हाला आहे, तर निदान आपण तरी रागवावं.

केदार खाली बसला. आराखड्यात बागेसाठी राखलेली जागा हिरवी रंगवतात. बाग झाली म्हणून नव्हे, पुढेमागे व्हावी म्हणून. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, पण रंग मोजला की काम झटपट उरकत होतं. म्हणून त्यानं रंगच मोजला होता आणि त्या रंगावरून या बाईला आळशी ठरवून मोकळा झाला होता.

“त्यांना दिला उकिरडा,” बुवा म्हणाले. “तू लिहिलंस, बाग दिली. वर लिहिलंस की त्यांना इच्छा नाही. आणि आता त्याच लिहिण्यावर त्यांची व्हायची राहिलेली बागही जाणार.”



“एखाद्या वस्तीत चूक होते, बुवा. बाकीचं शहर बरोबर असेल.”

“असेल?”

...

“उद्या सभा आहे. अहवाल छापून तयार आहे. आता सगळ्या जागा बघत बसणं कसं शक्य आहे?” केदार थोडा थांबला. मग त्याला एक वाट सुचली आणि चेहरा जरा मोकळा झाला. “मी एक करतो. शेवटी तळटीप टाकतो. काही ठिकाणी नकाशा आणि प्रत्यक्ष जागा यांत थोडा फरक असू शकतो, असं स्पष्ट लिहितो.”

“आणि निष्कर्ष?”

“निष्कर्ष तेच राहतील. ते आता बदलता येणार नाहीत. पण तळटीप असली की आपल्याकडून प्रामाणिकपणा झाला.”

सुंदराबाईंना यातलं काही कळलं नाही. त्या अजून त्याच्या रिकाम्या पानाकडेच बघत होत्या.



...

“सोपानराव,” मग बुवा म्हणाले, “ह्यांना मीठ वाढा.”

सोपानरावांनी त्या मोठ्या पानाच्या कोपऱ्यात तळटीपेएवढं चिमूटभर मीठ ठेवलं आणि ते भांडं घेऊन आत गेले.

बुवा केदारसमोर येऊन उभे राहिले. यजमान पाहुण्यापुढे जोडतो तसे त्यांनी हात जोडले.

“सावकाश होऊ द्या.”